पानाची रुंदी किती ठेवायची? आधी ओळ ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका माहितीपर वेबसाइटचं डिझाइन हाती आहे. त्यात लांब लेख आहेत, बाजूला विषयांची यादी आहे, मधूनमधून फोटो आणि काही मोठे तक्ते आहेत. पानाची रुंदी कुणी ९६० पिक्सेल सांगतं, कुणी ११४०, कुणी १४४०. तुमच्या २७ इंची मॉनिटरवर ९६०चं पान मधोमध अरुंद पट्टीसारखं दिसतं आणि ज्यांच्यासाठी काम करताय ते म्हणतात, दोन्ही बाजूंची जागा वाया चालली आहे, ती भरा. मग योग्य आकडा कोणता?

या एका प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. वाचायची ओळ किती लांब असावी, हा पहिला. मोठ्या स्क्रीनवर सगळं पान जास्तीत जास्त किती पसरू द्यावं, हा दुसरा. आणि ब्राउझरची खिडकी अरुंद झाली की कुठली गोष्ट कुठे सरकावी, हा तिसरा. तिघांचं उत्तर एकाच आकड्यातून काढायला गेलं की प्रत्येकाचं म्हणणं थोडं बरोबर आणि थोडं चुकीचं वाटत राहतं. तुमचं तेच झालंय. मी अनेक वर्षं मजकूरप्रधान वेबसाइटचे लेआउट करते आहे आणि माझा क्रम ठरलेला आहे: आधी ओळ, मग पान, मग अरुंद खिडकी. त्याच क्रमानं सांगते.

त्याआधी हे आकडे आले कुठून ते पाहू, म्हणजे त्यांचा धाक कमी होईल. बहुतेकांचे मॉनिटर ८००×६०० होते तेव्हा स्क्रोलबार आणि खिडकीच्या कडा वजा करून डिझायनर ७६०च्या आसपास पान ठेवत. पुढे १०२४×७६८ रुळलं आणि ९६० आलं. ९६०ची मोहिनी गणितातली होती: २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १६ अशा कितीतरी आकड्यांनी त्याला नि:शेष भाग जातो, त्यामुळे बारा किंवा सोळा कॉलमची जाळी सहज बसते. ११७० हा बूटस्ट्रॅप या वेबसाइट बांधायच्या तयार साच्याच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या कंटेनरचा, म्हणजे पानाच्या मुख्य चौकटीचा, आकडा, ११४० चौथ्या आवृत्तीतला आणि पाचव्या आवृत्तीत सर्वांत मोठ्या स्क्रीनसाठी १३२० आला. यातला एकही आकडा ‘माणसाला वाचायला काय सोपं जातं’ यावरून निघालेला नाही. त्या त्या काळचा मॉनिटर आणि जाळीचं गणित, एवढंच त्यामागे आहे. म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत, पण त्यांना नियम मानायचंही कारण नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मॉनिटरची रुंदी, ब्राउझरच्या खिडकीची रुंदी आणि तुमच्या पानाला प्रत्यक्ष मिळणारी रुंदी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२० पिक्सेलच्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) १२५ टक्के असेल, तर सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, हिशेबात ती स्क्रीन १५३६ची असते. १५० टक्के असेल तर १२८०ची. विंडोजवरचा नेहमीचा स्क्रोलबार आणखी पंधरा-सतरा पिक्सेल खातो. शिवाय मोठ्या मॉनिटरवर खूप लोक खिडकी पूर्ण उघडतच नाहीत, अर्ध्या भागात ब्राउझर आणि अर्ध्यात दुसरं काम असतं. त्यामुळे ‘हल्ली सगळ्यांकडे मोठे मॉनिटर आहेत’ या वाक्यावरून पानाची रुंदी ठरवता येत नाही. तुमच्या साइटच्या आकडेवारीत स्क्रीनच्या मापाऐवजी व्ह्यूपोर्टचं, म्हणजे पानाला प्रत्यक्ष मिळालेल्या जागेचं, माप मिळत असेल तर ते पाहा. दोन्हींत बराच फरक दिसतो.

आता मुख्य मुद्दा: ओळ.

वाचताना डोळा ओळीच्या शेवटी पोचतो आणि परत डावीकडे येऊन पुढच्या ओळीची सुरुवात शोधतो. ओळ जितकी लांब तितका हा परतीचा प्रवास लांब, आणि चुकून तीच ओळ पुन्हा वाचण्याची किंवा एक ओळ गाळण्याची शक्यता जास्त. वाचकाला आपण ओळ चुकलो हे बहुतेक वेळा कळतही नाही. लेख ‘जड’ आहे एवढंच वाटतं आणि तो पान सोडून जातो. उलट ओळ फार आखूड असेल तर डोळ्याला सारखं वळावं लागतं, वाक्याचे तुकडे पडतात आणि मराठीसारख्या भाषेत, जिथे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटून शब्द लांब होतात, तिथे उजवी कड फार ओबडधोबड दिसते. अशा अरुंद कॉलममध्ये दोन्ही कडा जुळवायला गेलात तर शब्दांच्या मध्ये भगदाडं पडतात. ते करूच नका.

रोमन लिपीसाठी छपाईच्या परंपरेत एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं, साधारण ६६ आदर्श, असं मानलं जातं. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीतल्या सर्वांत कडक पातळीवर ८० अक्षरांची कमाल मर्यादा आहे. देवनागरीत मात्र अक्षर मोजायचं कसं हाच प्रश्न येतो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांतलं काय एक धरायचं? म्हणून मराठी मजकुरासाठी मी अक्षरं मोजतच नाही, शब्द मोजते. चालू परिच्छेदाच्या ओळीत सरासरी दहा ते तेरा शब्द बसले की वाचायला बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी साइटवरचाच खरा परिच्छेद घ्या. जागा भरायला घातलेला कृत्रिम मजकूर इथे फसवतो, कारण त्यातल्या शब्दांची लांबी तुमच्या मजकुराशी जुळत नाही.

इथे ‘सीएच’ या एककाबद्दल सावध करते. ओळीची कमाल रुंदी ६५ सीएच द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण एक सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या रोमन शून्याची रुंदी, सरासरी अक्षराची नव्हे. शून्य सरासरी अक्षरापेक्षा रुंद असतं, त्यामुळे ६५ सीएचमध्ये इंग्रजीतही ६५पेक्षा बरीच जास्त अक्षरं मावतात. देवनागरीत तर आणखी एक गुंता आहे. फॉन्टच्या यादीत पहिला फॉन्ट रोमन असेल आणि मराठी मजकूर दुसऱ्या फॉन्टमधून येत असेल, तर सीएच मोजला जातो पहिल्या फॉन्टवरून. वाचक जी अक्षरं पाहतोय त्यांच्याशी त्या मापाचा संबंधच उरत नाही. मराठी साइटला मी ‘रेम’ हे एकक वापरते (एक रेम म्हणजे पानाच्या अक्षराचा मूळ आकार, बहुधा १६ पिक्सेल) आणि डोळ्यांनी तपासते.

अक्षराचा आकारही याच वेळी ठरवा, कारण ओळीची लांबी पिक्सेलमध्ये मोजण्याला अक्षराच्या आकाराशिवाय अर्थ नाही. देवनागरी फॉन्टला वर-खाली मात्रा आणि उकारांसाठी जागा राखावी लागते, त्यामुळे त्याच पिक्सेलमध्ये देवनागरी रोमनपेक्षा लहान दिसते. लांब लेखाला १६ पिक्सेल मला कमी वाटतात. मी १९ किंवा २०पासून सुरुवात करते आणि ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ पट ठेवते. ओळ लांब केलीत तर हे अंतरही वाढवा, डोळ्याला परतताना तेवढाच आधार मिळतो. फॉन्ट बदलला की हे सगळं पुन्हा तपासायचं. दोन मराठी फॉन्टमध्ये त्याच आकाराला एका ओळीत दोन-तीन शब्दांचा फरक पडू शकतो.

समजा तुमचं अक्षर २० पिक्सेलचं ठरलं. ओळ अक्षराच्या आकाराच्या चौतीस पट धरू, म्हणजे ६८० पिक्सेल. आता पान आपोआप बनत जातं. ओळ ६८०, मग विषयांच्या यादीआधी ४८ मोकळे, यादी ३००, आणि पानाच्या दोन्ही कडांना २४-२४. बेरीज १०७६. तुमच्या लेखाच्या पानाला यापेक्षा रुंद होण्याची गरजच नाही. गंमत म्हणजे हा आकडा तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांपैकी ९६० आणि ११४० यांच्या मध्येच कुठेतरी येतो, पण आता तो का आला हे तुम्हाला सांगता येतं. उद्या अक्षराचा आकार बदलला किंवा यादी काढून टाकली तर काय बदलायचं तेही कळतं.

हे आकडे सीएसएसमध्ये लिहिताना ‘विड्थ’ (ठराविक रुंदी) न वापरता ‘मॅक्स-विड्थ’ (कमाल रुंदी) वापरा आणि मजकुराच्या कॉलमला पिक्सेलऐवजी रेममध्ये माप द्या. ६८० पिक्सेल म्हणजे ४२.५ रेम. याचं कारण सौंदर्याचं नाही. काही वाचक ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षराचा मूळ आकार १६वरून २० किंवा २४ करून ठेवतात. अक्षराचा आकार रेममध्ये आणि कॉलम पिक्सेलमध्ये असेल, तर त्यांच्याकडे अक्षरं वाढतात पण कॉलम तेवढाच राहतो आणि ओळीत सहा-सात शब्द उरतात. दोन्ही रेममध्ये असतील तर जागा असेपर्यंत कॉलम अक्षरांबरोबर वाढतो.

फोटो आणि तक्त्यांना मात्र ओळीची मर्यादा लावू नका, ती वाचायच्या मजकुरासाठी आहे. लेखातला महत्त्वाचा फोटो मजकुराच्या कॉलमबाहेर पसरला तर छान दिसतो, फक्त त्याची एखादी कड पानातल्या दुसऱ्या कशाशी तरी जुळू द्या. तक्त्याचं वेगळं. त्याला रुंदी किती लागते हे कॉलमच्या संख्येवर आणि शीर्षकांच्या लांबीवर ठरतं. पाच-सहा आकड्यांचे कॉलम ६८०मध्ये नीट बसतात. बारा कॉलमचा तक्ता असेल तर त्या पानाला यादीची जागाही देऊन टाका आणि यादी वर घ्या. एकाच साइटवर लेखाच्या पानाची आणि तक्त्याच्या पानाची रुंदी वेगळी असायला काही हरकत नाही. डोक्यावरची पट्टी आणि डावी कड सगळीकडे एका रेषेत राहिली की पानं एकाच घरातली वाटतात. हे डाव्या कडेचं मी फार जपते. वरची पट्टी १४०० रुंद आणि खाली मजकूर ६८०चा, तोही मधोमध, असं केलं की लोगो एकीकडे आणि मजकूर भलतीकडे सुरू होतो.

आता ‘जागा भरा’ या मागणीविषयी. ती करणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही. मोठ्या स्क्रीनवर छोटं पान खरंच हरवल्यासारखं दिसू शकतं. पण ओळ ताणणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तीन गोष्टी करून पाहा. मोठ्या खिडकीत अक्षर थोडं मोठं करा, २०चं २२: ओळ रेममध्ये आणि त्याच पटीत ठेवलीत तर शब्द तेवढेच राहून पान भरीव दिसतं. पार्श्वभूमीचे रंगीत पट्टे, शीर्षकाचा भाग आणि मोठे फोटो पूर्ण रुंदीला जाऊ द्या, मजकूर मात्र आपल्या जागी. आणि मोकळ्या जागेत ठेवण्यासारखं खरंच काही असेल, टिपा किंवा फोटोच्या ओळी, तर ते समासात घ्या. नसेल तर जागा मोकळी सोडा. नुसती भरायची म्हणून तिथे टाकलेली प्रत्येक गोष्ट वाचकाचं लक्ष लेखापासून ओढते.

बैठकीत हे तोंडी पटवत बसू नका. त्यांचाच एक लांब लेख दोन रुंदींत तयार करा, एक ६८०चा आणि एक १४००चा, आणि दोन्ही मोठ्या मॉनिटरवर पूर्ण वाचायला द्या. दुरून पाहिलं तर रुंद पान भारदस्त वाटतं. वाचायला बसल्यावर मत बदलतं. तरीही विरोध होईल, तो गंभीरपणे घ्या. इंग्रजी विकिपीडियाचं नवं रूप जानेवारी २०२३मध्ये आलं, त्यात मजकुराची रुंदी मर्यादित केली गेली आणि अनेक जुन्या वाचकांनी जोरदार हरकत घेतली. तिथे पूर्ण रुंदीचं बटणही दिलेलं आहे. संदर्भासाठी पान चाळणारा, तक्ते आणि याद्या शोधणारा माणूस आणि लेख सलग वाचणारा माणूस यांच्या गरजा खरोखर वेगळ्या असतात. तुमच्या साइटवर पहिल्या प्रकारचे वाचक जास्त असतील तर तक्त्यांच्या पानांवर असं बटण द्यायचा विचार जरूर करा.

इथपर्यंत मी लेखांबद्दल बोलले. साइट दुसऱ्या प्रकारची असती तर उत्तर बदललं असतं. आकड्यांचा डॅशबोर्ड, नकाशा, मोठी स्प्रेडशीट यांना उपलब्ध सगळी रुंदी द्यावी, कारण तिथे कुणी ओळी वाचत नाही. वस्तूंच्या चित्रांच्या जाळीत रुंदी वाढली की एका रांगेतली चित्रं वाढतात, तेही चालतं, पण कुठेतरी थांबावं लागतं. मी १४००-१६००च्या पुढे सहसा जात नाही, कारण नजरेला मग डोकंही फिरवावं लागतं. नुसता अर्ज भरायचा असेल तर तो लेखापेक्षाही अरुंद बरा.

आता अरुंद बाजू. मोठ्या मॉनिटरची चर्चा जास्त होते, पण वाचकांचे खरे हाल इकडे होतात. पहिलं म्हणजे व्ह्यूपोर्टची मेटा ओळ, फोनच्या स्वतःच्या रुंदीप्रमाणे पान मांडायला सांगणारी कोडमधली ओळ, पानात आहे ना, ते पाहा. २००७मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा बहुतेक साइट डेस्कटॉपसाठीच होत्या, म्हणून त्याचा ब्राउझर पान ९८० पिक्सेलचं आहे असं धरून ते लहान करून दाखवायचा. ती मेटा ओळ नसेल तर आजचे फोनही जवळपास तसंच करतात आणि तुमची सगळी आखणी फुकट जाते.

आजचे बरेचसे फोन उभे धरल्यावर सीएसएसच्या हिशेबात ३६० ते ४३० रुंद असतात. मी मात्र ३२०पर्यंत तपासते, आणि ते केवळ जुन्या फोनसाठी नाही. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१मध्ये अट आहे की ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवं स्क्रोल न करता वाचता आला पाहिजे. हा आकडा कुठून आला ते पाहिलं की अट पटते: १२८०च्या खिडकीत कुणी ४०० टक्के झूम केला तर पानाला उरतात नेमके ३२०. म्हणजे कमी दिसणारा माणूस मोठ्या डेस्कटॉपवर बसून तुमचं ‘मोबाइलचं’ पान वाचत असतो. तक्ते आणि नकाशांना या अटीतून सूट आहे, पण तक्त्याला स्वतःच्या चौकटीत स्क्रोल होऊ द्या, त्यानं सगळं पान ओढू नये. ती चौकट कीबोर्डनंही सरकवता आली पाहिजे.

आडवा स्क्रोल कुठून येतो हे शोधताना नेहमीचे तीन-चार संशयित असतात. कमाल रुंदी न दिलेले फोटो. न तुटणारे लांब वेबपत्ते. ग्रिडमधला (सीएसएसच्या जाळीतला) कॉलम, जो आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला मुळातच नकार देतो, त्याला किमान रुंदी शून्य सांगावी लागते. आणि १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची शंभर टक्के रुंदी: विंडोजवर या मापात स्क्रोलबारची जागाही धरली जाते, त्यामुळे ‘पूर्ण रुंदी’ दिलेला पट्टा पानापेक्षा तेवढाच रुंद होतो. मॅकवर स्क्रोलबार बहुधा तरंगता असल्यानं डिझायनरला हे दिसत नाही.

राहिले ब्रेकपॉइंट, म्हणजे ज्या रुंदीला पानाची मांडणी बदलते ते टप्पे. २०१०मध्ये वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे खिडकीप्रमाणे बदलणाऱ्या पानाची, कल्पना मांडली तेव्हापासून बरेच जण फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपच्या मापांची यादी समोर ठेवून ब्रेकपॉइंट ठरवत आले. ती यादी दरवर्षी जुनी होते. तुमच्या पानाचा ब्रेकपॉइंट तुमच्या बेरजेतच आहे. ओळ चौतीस पटीची आपण धरली, पण अठ्ठावीस पटीपर्यंत, म्हणजे ५६० पिक्सेलपर्यंत, ती अजून चांगली वाचता येते. मग ५६० अधिक ४८ अधिक ३०० अधिक कडांचे ४८: एकूण ९५६. खिडकी याहून अरुंद झाली की ओळीला आणखी चेपण्यापेक्षा यादी खाली किंवा वर पाठवायची. मीडिया क्वेरीत, म्हणजे खिडकीच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या सीएसएसच्या अटीत, हे ६० ईएम (इथे एक ईएम म्हणजे ब्राउझरमधला अक्षराचा मूळ आकार) असं लिहा, पिक्सेलमध्ये नको. म्हणजे अक्षरं मोठी करून ठेवलेल्या वाचकाकडे यादी योग्य वेळी आधीच सरकेल. २०२३पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये कंटेनर क्वेरी चालतात, त्यामुळे फोटोची चौकट किंवा तक्ता खिडकीकडे न पाहता आपल्याला मिळालेल्या जागेप्रमाणे रूप बदलू शकतो. तुमच्यासारख्या मिश्र साइटला त्याचा चांगला उपयोग होईल.

तर तुमच्यासाठी माझी सुरुवातीची मापं अशी: अक्षर २० पिक्सेल, मजकुराचा कॉलम जास्तीत जास्त ४२.५ रेम, लेखाचं पान यादीसह सुमारे १०७६ पिक्सेल म्हणजे साधारण ६७ रेम, ६० ईएमच्या खाली एकच कॉलम, आणि ३२०पर्यंत आडवा स्क्रोल नाही. तुमचा फॉन्ट वेगळा असेल तर आधी ओळीतले शब्द मोजा आणि ४२.५ हा आकडा त्याप्रमाणे हलवा, बाकीचे मागोमाग येतील. तक्त्यांच्या पानांचं माप मी मुद्दाम दिलेलं नाही. तुमच्या सर्वांत मोठ्या तक्त्यात किती कॉलम आहेत आणि त्यांची शीर्षकं किती लांब आहेत ते कळवा, मग त्या पानांसाठीही अशीच बेरीज मांडून देते.